किल्ला तलावाच्या बाजूला वन आरके घ्यायचाय? बेळगावातली लहान फ्लॅटची खरेदी, पहिल्या चौकशीपासून खाता नावावर होईपर्यंत

बेळगावात पाण्याकाठचं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किल्ला तलाव येतो. अशोक चौक, ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ, संध्याकाळी फिरायला येणारी गर्दी, मध्यवर्ती बसस्थानक जवळ. मुलगी केएलईत शिकतेय म्हणून चंदगड-खानापूरकडचे पालक, निवृत्तीनंतर दवाखाना जवळ हवा म्हणून निपाणीकडचे मास्तर, एकटी राहणारी नर्स, अशांना तीनशे-साडेतीनशे फुटांचं घर पुरतं. खोलीचं भाडं किंवा हॉस्टेलची फी भरण्यापेक्षा तेच पैसे हप्त्यात गेलेले बरे, असा सरळ हिशेब असतो.

हिशेब चुकीचा नाही. पण तीनशे फुटांच्या घरालाही कागद बंगल्याइतकेच लागतात, आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मोजकंच. चार माणसांचं कुटुंब वन आरके घेत नाही. जो घेतो तो बहुधा कर्जावर घेतो, आणि कागदात एक खोट दिसली की बँक हात आखडते. मोठ्या फ्लॅटमध्ये अशी खोट थोडा भाव पाडून निभावते, लहान फ्लॅट मात्र तसाच पडून राहतो. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी जमिनीचे आणि इमारतीचे कागद, मग भर पावसात घर, आणि भावाची गोष्ट शेवटी. एजंट नेमका उलट्या क्रमाने चालवतो. आधी बाल्कनीत नेऊन तलाव दाखवतो.

पाणी कुठलं, ते आधी बघा

सगळं पाणी सारखं नसतं. किल्ला तलावाच्या बाजूची सोय चांगली, पण हायवे आणि बसस्थानकाचे हॉर्न रात्रीही ऐकू येतात. कपिलेश्वर तलावाजवळ राहायचं तर गणपती विसर्जनाच्या रात्री गाडी बाहेर काढायची नाही, हे धरूनच चाला. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, नव्याने सांगायला नको. कणबर्गीच्या तलावाकडे मोकळीक आहे, पण कॉलेज किंवा दवाखान्याला रोजचा प्रवास आला.

नाल्याकाठची इमारत मात्र वेगळ्या नजरेने बघा. बळ्ळारी नाला, लेंडी नाला किंवा कंग्राळीकडची मार्कंडेय उन्हाळ्यात अगदी निरुपद्रवी दिसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. बिल्डरला विचारून उपयोग नाही. "अण्णा, त्या वर्षी पाणी कुठवर आलेलं?" एवढा एक प्रश्न पुरतो, दुकानदार भिंतीवरची खूणच दाखवतो. तळमजला पार्किंगचा असला तरी मीटरचा बोर्ड, पाण्याचा पंप आणि लिफ्टची मोटर किती उंचीवर बसवली आहे ते बघून घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही पुराचा त्रास होतो तो याच तीन वस्तूंमुळे.

तलावाला अगदी लागून असलेल्या बांधकामाबद्दल आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. कर्नाटकाच्या २०१४ च्या तलाव संवर्धन कायद्याने तलावाच्या हद्दीपासून ३० मीटरांचा पट्टा बांधकामाविना ठेवायला सांगितलं. किल्ल्यातली कमल बस्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. तिसरी गोष्ट कँटोन्मेंटची. कॅम्पातली बरीच जमीन संरक्षण खात्याची आहे, ताबा भाडेपट्ट्याने. तिथल्या घराचा व्यवहार हा निराळाच विषय आहे, आणि पहिलंच घर घेणाऱ्याने त्यात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीचे कागद

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

सिटी सर्व्हेच्या हद्दीत असाल तर सीटीएस नंबर आणि पीआर कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, मागा. हद्दीबाहेरच्या वाढीव भागात सर्व्हे नंबर असतो आणि आरटीसी, ज्याला आपण अजूनही सातबाराच म्हणतो. शेतजमिनीवर इमारत उभी असेल तर एनएचा आदेश हवा आणि बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला लेआउट हवा. "एनएला घातलंय, होऊन जाईल" हे उत्तर म्हणजे नकार समजा. बाँड पेपरवर नोटरी करून विकलेल्या जागा आपल्याकडे काही थोड्या नाहीत. त्या जागेवर चार मजले चढले, टाईल्स बसल्या, म्हणून बाँडचं खरेदीखत होत नाही. वटमुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलं आहे.

यानंतर ईसी, म्हणजे बोजा दाखला. राज्याच्या नोंदणी खात्याच्या कावेरी २.० या संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतो. मागची तीस वर्षं मागा. नोंदी असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नोंद नसेल तर फॉर्म १६. फॉर्म १५ बघून घाबरू नका, त्यात खरेदी, वाटणी, गहाण, गहाण सुटल्याची नोंद, सगळं क्रमाने असतं. बघायचं ते एवढंच की प्रत्येक गहाणाच्या खाली त्याची सुटका आहे का. बिल्डरने प्रकल्पावर काढलेलं कर्ज तिथे उघडं पडतं. तसं असेल तर तुमच्या फ्लॅटपुरती त्या बँकेची लेखी ना-हरकत घ्या, तोंडी भरवसा नको.

हे सगळं कानडीत असतं. बाजारात कानडी बोलणं वेगळं आणि खरेदीखतातली सरकारी कानडी वेगळी, तेव्हा वाचणारा माणूस तुमचा असू द्या. एजंटने आणलेला बाँड रायटर किंवा बिल्डरचा वकील वाचून दाखवेल, आणि बहुधा बरोबरच वाचेल. पण काय वाचायचं सोडून दिलं ते तुम्हाला कळणार नाही. स्वतंत्र वकिलाचा सर्च रिपोर्ट घ्या. वकिलाची फी फ्लॅटच्या किमतीपुढे किरकोळ असते. जुन्या गल्लीतल्या जागेचे मूळ दस्त १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्याच्या काळातले निघाले तर ते मराठीत असतात, क्वचित मोडीत. ते फाईलमध्ये असले तर वकिलाला आवर्जून दाखवा, घराण्याची वाटणी तिथूनच समजते.

आणि वाटणी हाच खरा मुद्दा. आपल्याकडच्या लहान इमारती बऱ्याचदा जुन्या वाड्याच्या किंवा घराण्याच्या जागेवर उभ्या राहतात. जमीन घरच्यांची, बांधणार बिल्डर, फ्लॅट वाटून घ्यायचे. असा करार हातात आला की आधी वंशावळ मागा आणि बहिणींच्या सह्या शोधा. तिघा भावांनी सह्या केल्या, एक बहीण गडहिंग्लजला दिली, दुसरी पुण्यात, त्यांना विचारतो कोण, ही गोष्ट घरोघरची आहे. पण २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत तो हक्क लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगून टाकलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदलेली वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा विक्रीत त्यांची सही हवी. "त्यांची काही हरकत नाही हो" याला कोर्टात काही किंमत नाही.

त्याच करारात आणखी एक कागद विचारायचा राहून जातो: कुठला फ्लॅट कोणाच्या वाट्याचा हे ठरवणारं वाटपपत्र. बिल्डर तुम्हाला ३०४ नंबर विकतोय आणि तो जमीनमालकाच्या वाट्याचा निघाला, तर तुम्ही पैसे भलत्यालाच दिलेत.

देवस्थान इनाम, वतन, आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन, यातलं काहीही मागच्या नोंदीत दिसलं तर तिथेच थांबा. १९७८ च्या कायद्याखाली अशा मंजूर जमिनीची परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊ शकते.

इमारतीचे कागद

मंजूर नकाशा, काम सुरू करण्याचा परवाना आणि ओसी, म्हणजे भोगवट्याचा दाखला. ओसीवर अडून बसा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाणी जोडणी देऊ नका असं बजावलं, आणि त्यानंतर राज्यातल्या वीज कंपन्या कडक झाल्या. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या मीटरवर अख्खी इमारत चालवणारे बिल्डर असतात. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल मागून घ्या, त्यावर तुमच्या फ्लॅटचा वेगळा आर.आर. नंबर (वीज ग्राहक क्रमांक) आहे का बघा. तो नसेल तर ओसी नाही असं धरून पुढचं बोला.

मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा. नकाशात तीन आणि वर चार, असं असेल तर चौथ्या मजल्यावरचा "स्वस्त पडतो सर, व्ह्यू पण भारी" फ्लॅट स्वस्त का पडतो ते कळेल. वन आरके तर जास्तच तपासा. नकाशात एक मोठा टू बीएचके दाखवून मधे भिंत घालून दोन स्टुडिओ केलेले असतात. अशा अर्ध्या घराला वेगळा खाता, म्हणजे महापालिकेच्या घरपट्टीच्या दप्तरातली नोंद, निघत नाही.

रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी असेल तर राज्याच्या रेरा संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकून सगळी कागदपत्रं वाचता येतात. मात्र जमीन ५०० चौ. मीटरच्या आत असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौ. मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. आपल्या गल्ल्यांतल्या कितीतरी इमारती त्यात बसतात. रेरा नाही म्हणून इमारत वाईट ठरत नाही. ओसी, नकाशा, कर्ज, सगळं स्वतः तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ.

जमिनीतला अविभाज्य हिस्सा खरेदीखतात चौरस फुटांत लिहून घ्या. समजा पाच गुंठ्यांवर, म्हणजे ५,४४५ चौ. फुटांवर, एकूण ९,००० फूट कार्पेटची (घरांच्या आतल्या वापराच्या जागेची) इमारत आहे आणि तुमचं घर ३०० फुटांचं. तुमचा हिस्सा तिसावा, सुमारे १८० फूट. बिल्डरने १०० लिहिला तर उरलेला कोणाला दिला ते विचारा. तीस-चाळीस वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची झाली तर हाच आकडा मोजला जातो.

घर बघायला पावसात जा

जुलैत जा. फेब्रुवारीत बेळगावातलं कुठलंही घर छान वाटतं.

आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून मारतो. तलावाच्या पूर्वेला असलेल्या इमारतीतून तलाव दिसतो तो पश्चिमेच्या खिडकीतून, आणि झड येते तीही त्याच खिडकीतून. खिडकीवर दीड-दोन फुटांचा चज्जा आहे का, खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार आहे का, सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी साचतंय का, हे बघायला दहा मिनिटं लागतात. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात भिंतीवर तळहात ठेवा. रंग नवा असला तरी ओल हाताला लागते. बाथरूमच्या मागची भिंत आणि कपाट ठेवायची भिंत एकच असेल तर तिथेही. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाईप तुमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरून जातोय का ते मान वर करून बघा. शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणी आणि कधी केलं ते विचारा.

सोबत मोजपट्टी हवीच. भाव सुपर बिल्टअपवर सांगतात, पण राहायचं कार्पेटमध्ये असतं. समजा १९ लाखांचा फ्लॅट ४२० फूट म्हणून दाखवला, तर दर साडेचार हजारांचा वाटतो. आत मोजल्यावर कार्पेट २९० भरलं की तोच दर साडेसहा हजारांच्या वर जातो. वन आरकेमध्ये जिन्याची, लिफ्टची, पॅसेजची वाटणी घराच्या मानाने जास्त अंगावर पडते.

मोजताना फुटांबरोबर दारंही बघा. मुख्य दार आत उघडलं की फ्रिजची जागा उरते का? बाथरूमचं दार पलंगाला आपटतं का? एका इमारतीत स्वयंपाकाचा ओटा असा केलेला की गॅसची शेगडी ठेवली की खिडकी उघडत नव्हती, आणि खिडकी उघडली की शेगडी विझायची. नमुना फ्लॅटमध्ये शेगडीच ठेवलेली नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. एका खोलीच्या घरात फोडणीचा धूर थेट उशीवर जातो, तेव्हा एक्झॉस्टला बाहेर जायला भोक आहे का तेही बघा.

संध्याकाळी सात वाजता पुन्हा एकदा जा. डास किती आहेत ते तेव्हाच कळतं. वारा तलावाकडून असेल तेव्हा वास येतो का, तेही.

पाण्याचं विचारताना "कॉर्पोरेशनचं पाणी आहे" एवढ्यावर थांबू नका. शहराला राकसकोप आणि हिडकलहून पाणी येतं. काही भागांत चोवीस तास, काही भागांत दिवसाआड किंवा त्याहून उशिरा. कुठल्या दिवशी, किती वेळ, आणि जमिनीखालची टाकी किती लिटरची, हे राहणाऱ्या बाईमाणसांना विचारा. पुरुषांना बहुधा माहीत नसतं. बोअरवेलवर भागवत असतील तर त्या पाण्याची तपासणी करून घ्या. तलावात सांडपाणी मिसळत असेल तर जवळच्या बोअरच्या पाण्यालाही धोका असतो.

पैशाचं गणित

नवीन फ्लॅट आणि जुना फ्लॅट यांच्या मुद्रांक शुल्कात मोठा फरक आहे, आणि तो भाव ठरवतानाच धरावा लागतो. कर्नाटकात फ्लॅटची पहिली नोंदणी असेल तर २० लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ४५ लाखांपर्यंत ३ टक्के. एरवी ५ टक्के. शहरात त्या शुल्कावर १० टक्के सेस आणि २ टक्के अधिभार. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याची २ टक्के झाली.

१९ लाखांच्या नव्या फ्लॅटला शुल्क ३८,०००, सेस ३,८००, अधिभार ७६०, नोंदणी ३८,०००. एकूण ८०,५६० रुपये. तोच फ्लॅट दुसऱ्या हाताने घेतला तर ९५,००० अधिक ९,५०० अधिक १,९०० अधिक ३८,०००, म्हणजे १,४४,४००. जवळजवळ चौसष्ट हजारांचा फरक. जुन्या मालकाशी घासाघीस करताना हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. शुल्क मात्र करारातली रक्कम किंवा सरकारी मार्गसूची दर यातला जो जास्त त्यावर लागतं, म्हणून किंमत कमी दाखवून फारसं काही वाचत नाही.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर जीएसटी येतो. बेळगावसारख्या शहरात ४५ लाखांच्या आणि ९० चौ. मीटर कार्पेटच्या आतलं घर परवडणाऱ्या घरांत मोडतं, त्यावर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर काहीच नाही.

कर्ज ३० लाखांपर्यंतच्या रकमेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण घर १० लाखांहून महाग असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणात १ लाख ९० हजार आणि ८० हजार तुमच्या खिशातून. त्यात वकील, एजंट आणि किरकोळ फर्निचर धरा, तीन-साडेतीन लाख हाताशी हवेत. अगदी लहान घराला कर्ज द्यायला काही बँका कां-कू करतात, म्हणून इसार देण्याआधी फ्लॅटचं क्षेत्रफळ सांगून बँकेत विचारा. बिल्डर एखाद्या क्रेडिट सोसायटीकडून "दोन दिवसांत" कर्ज करून देतो म्हणाला, तर व्याजदर बँकेच्या दराशी ताडून बघा आणि एवढी घाई कशासाठी तेही विचारा. बँक नाही म्हणाली असेल, तर का म्हणाली, त्यातच बरंच काही कळतं.

रोखीचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि देणाऱ्याकडे पावती नसते.

इसार ते खरेदीखत

इसाराची रक्कम लहान ठेवा आणि कागदावर एक वाक्य हवंच: वकिलाच्या तपासात मालकी निर्वेध नसेल किंवा बँकेने कागदपत्रांच्या कारणाने कर्ज नाकारलं तर इसार परत. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागताच येत नाही. लहान इमारतीतही तीच मर्यादा तुम्ही स्वतः पाळा.

विकणारा परदेशात राहत असेल, तर टीडीएस कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, किंमत कितीही लहान असो. दुबईला असलेल्या मालकाचा फ्लॅट भाऊ विकतोय, अशा वेळी मुखत्यारपत्र आणि टीडीएस दोन्ही आधी सीएला दाखवा.

महाराष्ट्रातल्या माणसाला इथे फ्लॅट घेता येतो का, हे चंदगडकडचे लोक हमखास विचारतात. येतो, कसलीच आडकाठी नाही. अडचण असायची ती शेतजमिनीची, आणि तीही २०२० च्या दुरुस्तीने सैल झाली.

महापालिका हद्दीतल्या घराला आता ई-खाता, म्हणजे संगणकीकृत खाता, असल्याशिवाय खरेदीखताची नोंदणी होत नाही. विकणाऱ्याच्या नावाचा ई-खाता आधी हातात घ्या, तो बी-खाता (नियमात पूर्ण न बसणाऱ्या मालमत्तेचा) आहे का ते बघा, आणि बी असेल तर परत बँकेला विचारा. खरेदीखताचा मसुदा कावेरीवर चढवला की सब-रजिस्ट्रार तपासतो, मग पैसे भरायचे आणि वेळ घ्यायची. सप्टेंबर २०२४ पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदणी होते, म्हणजे बेळगावात गर्दी असेल तर खानापूरलाही जाता येतं. मसुद्यात फ्लॅट नंबर, चतु:सीमा, कार्पेट, जमिनीतला हिस्सा आणि पार्किंगची जागा नीट आहे का ते सही करण्याआधी वाचून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का तेही, कानडीतून आलेल्या आडनावांचे फार गोंधळ होतात.

किल्ली हातात आल्यावर

खाता तुमच्या नावावर करायला लगेच अर्ज करा. हेस्कॉममध्ये आर.आर. नंबरवरचं नाव बदला, मागची थकबाकी विकणाऱ्याकडून भरून घेऊनच. इमारतीची १९७२ च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी झाली आहे का आणि असोसिएशन आहे का विचारा. नसेल तर लिफ्टची दुरुस्ती आणि टाकीची सफाई कोण करणार हे पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांबरोबर बसून ठरवा, नंतर कोणी जमत नाही. रेरा प्रकल्प असेल तर ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, तेव्हा पहिल्या पावसात दिसलेल्या ओलीचे फोटो काढा आणि तक्रार लेखीच करा.

घरपट्टी एप्रिलमध्येच भरा, ५ टक्के सूट मिळते. भाड्याने देणार असाल तर भाडेकराराच्या प्रतीबरोबर भाडेकरूच्या ओळखपत्राची झेरॉक्स पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.